तिथी बघून झोपणारं घर

आमच्या गल्लीत पंचांग घरोघरी होतं. कोणी चतुर्थीचा चंद्र बघायला ठेवायचं, कोणी नुसतं खिळ्याला टांगायला. पण रात्री झोप लागेल की नाही हे पंचांगात बघणारं घर एकच, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं अक्कांचं. दिवाळी झाली की अक्का चष्मा लावून ओट्यावर बसायच्या आणि लग्नाचा मुहूर्त असेल त्या प्रत्येक तारखेवर लाल पेन्सिलीने फुली मारायच्या. नवीन माणसाला वाटायचं, घरात लग्नाची मुलगी दिसते. मुलगी होती. माधवी तिचं नाव, चाळिशी उलटलेली. फुल्या तिच्यासाठीच होत्या, पण लग्नं लोकांची होती.

गेल्या वैशाखात देवासला भाच्याच्या घरी अक्का वारल्या. फोन आला तेव्हा आमची यशोदा, माझी बायको, म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबद्दल लिहून ठेवा. सगळं लिहा, आपलंही." मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, चौतीस वर्षं सरकारी बस चालवली. लिहिणं माझं काम नाही. पण दुसऱ्याकडून लिहून घेणंही माझ्याने होत नाही, म्हणून स्वतःच बसलो आहे.

आमची गल्ली इकडे हिंदी मुलखात, चंबळच्या अलीकडे, नई सडकेच्या मागे. घरांच्या पाठीशी पूर्वी लाकडाचा टाल, म्हणजे वखार, होता. दिवसा करवतीचा आवाज, रात्री सगळं शांत. मालक म्हातारा झाला तसा त्याच्या मुलाने टाल उठवला आणि तिथे मॅरिज गार्डन काढलं. आपल्या मराठी लोकांची लग्नं दिवसाची, दुपारी जेवून माणूस आपल्या घरी. इकडची लग्नं रात्रीची. वरात दहा-अकराला दारात येते, फेरे पहाटे, आणि तोवर डीजे. इकडे लग्नाच्या हंगामाला सहालग म्हणतात. सहालग लागला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, मांडणीवरचे पेले आपोआप सरकायचे. लोक शिव्या देत, कानात कापूस घालत, सकाळी उशिरा उठत आणि विसरून जात.

अक्कांना विसरून जाण्याची सोय नव्हती. माधवीला लहानपणापासून मिरगी. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही, रात्र जागून गेली की झटका येणार. मी स्वतः दोनदा ते पाहिलं आहे. भाजी निवडता निवडता पोर आडवी व्हायची, दात आवळलेले, डोळे पांढरे. अक्का न ओरडता तिला कुशीवर वळवायच्या, डोक्याखाली पदर सारायच्या आणि घड्याळाकडे बघत बसायच्या. यजमान गेले तेव्हा माधवी बारा वर्षांची होती. तेव्हापासून त्या बाईने दुसरं काही केलं नाही, फक्त मुलीची झोप सांभाळली.

कशी सांभाळली ते सांगतो. माधवीचं अंथरूण मधल्या खोलीत, जिथे बाहेरची एकही भिंत नाही. मागच्या खोलीच्या खिडकीला खिळे ठोकून दोन रजया लावलेल्या. फुलीच्या दिवशी तिला दुपारी झोपवायचं, सहालाच जेवायला घालायचं. आणि ऐन पौषातही... पौषात लग्नं नसतात, चुकलो, माघात म्हणतो, माघाच्या थंडीत खोलीच्या दाराशी पाण्याशिवाय नुसता कूलर लावायचा, तोंड भिंतीकडे. त्याचा घरघराट एवढा की मी एकदा विचारलं, "अक्का, एक आवाज घालवायला दुसरा आवाज? ही कुठली रीत?"

"तो परक्याचा आवाज आहे भाऊ, हा घरचा," त्या म्हणाल्या. "घरच्या आवाजाला झोप बुजत नाही. तुम्ही नव्हते का बसमध्ये झोपत?"

"मी चालवत होतो अक्का. मी झोपलो असतो तर पंचावन्न माणसं गेली असती."

"तेच तर. तुम्हाला ठाऊक आहे झोपेची किंमत. तरी विचारून राहिलेत."

स्वतः त्या दाराशी पाट टाकून बसायच्या, फेरे होईपर्यंत. यशोदा म्हणायची, अक्का, तुम्हीही पडा थोडं. तर म्हणायच्या, "मला कुठे डॉक्टरांनी लिहून दिलीय झोप?" आणि हसायच्या. वरचे दोन दात नव्हते, हसल्या की हात आपोआप तोंडावर जायचा.

पण रजया आणि कूलर हे वरवरचं. खरा उपाय त्यांनी जो काढला तो दुसऱ्या कोणाला सुचला नसता. गार्डन उघडलं त्या वर्षीच एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. हातात ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची कोयरी. यशोदेला म्हणाल्या, "वहिनी, जरा माझ्यासोबत मागे चला. ओटी भरायची आहे."

"कोणाची?"

"आजची नवरी कोण आहे काय माहीत. तिची."

अक्का विधवा, माधवी बिनलग्नाची. आमच्या रीतीत ओटी सवाष्णीनेच भरायची, त्यामुळे त्या घरात ओटी भरणारा हातच नव्हता. "ताट माझं, हात तुमचा," असं म्हणून त्या यशोदेला घेऊन गेल्या. गार्डनमध्ये मुलीकडची माणसं दुपारपासूनच असतात. त्या नवरीच्या आईला शोधून काढायच्या आणि हिंदीत सांगायच्या, "बहनजी, हम पीछे वाले घर से हैं. हमारे यहाँ पड़ोस की बेटी को खाली गोद विदा नहीं करते." मग यशोदा नवरीला कुंकू लावायची, ओटीत नारळ घालायची. अक्का स्वतः दोन पावलं मागे, भिंतीशी. ज्या घरातली मुलगी त्या रात्री जाणार, त्या घरातली बाई आधीच भरून आलेली असते. अनोळखी बायका आपल्या मुलीसाठी नारळ घेऊन आल्या म्हटल्यावर तिच्या डोळ्यांना धार लागायची. मग खुर्ची, चहा, लाडू. उठताना अक्का एकच बोलायच्या, "ग्यारह के बाद बस स्पीकर का मुँह सड़क की तरफ़ कर देना. मेरी लड़की बीमार है, नींद ही उसकी दवा है."

आवाज बंद करा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं होतं, सरळ बंदच करायला सांगा. तर म्हणाल्या, "लोकाच्या घरी लग्न, आणि मी बंद करा म्हणू? तोंड फिरवा म्हटलं की त्यांचंही राहतं, आपलंही राहतं."

आणि लोक ऐकायचे. नवरीची आई स्वतः उठून डीजेवाल्याला सांगायची. चार वर्षं हे चाललं. फुलीच्या दर संध्याकाळी आमची यशोदा चांगली साडी नेसून अक्कांबरोबर मागे जायची. कुठली नवरी डॉक्टर होती, कुठली रडून रडून तापली होती, सगळं येऊन सांगायची. आमच्या स्वतःच्या मुलाचं लग्न पुण्यात झालं ते धरूनही उभ्या आयुष्यात तिने एवढी लग्नं पाहिली नव्हती. त्या चार वर्षांत माधवीला झटके आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अंगावर जरा मांस चढलं तिच्या. मोत्यांची तोरणं करायची, सुंदर.

आता माझं लिहितो.

चौथ्या वर्षीच्या माघात एका लग्नात यशोदेने ओटी भरली आणि दोघी निघाल्या, तेव्हा नवरीच्या कुठल्यातरी काकाने यशोदेच्या हातात पुऱ्यांचं पुडकं कोंबलं. "ले जा अम्मा, बच्चों को खिला देना. अब उधर से निकल, मेहमान आ रहे हैं." लग्नाच्या दारात मागायला येणाऱ्या बायका असतात, त्यातल्या या, असा त्याचा समज झाला. यशोदेने घरी येऊन हे हसत सांगितलं. अक्काही हसत होत्या. मला हसू आलं नाही. आमचे पणजोबा फौजेत होते, त्यांची तलवार अजून माझ्या घरात आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाचा चहा फुकट प्यायलो नाही. माझ्या बायकोच्या हातात कोणी पुऱ्या कोंबतो?

मी ते पुडकं उचलून गटारात टाकलं आणि म्हणालो, "उद्यापासून तू जायचं नाही."

"अहो, पण माधवी..."

"माधवीसाठी कायदा आहे. दहानंतर स्पीकर वाजवायला बंदी आहे. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीवर गेलो. शिपायाने नाव, पत्ता लिहून घेतला आणि नंबर दिला, आवाज झाला की फोन करा म्हणाला. मी छाती काढून घरी आलो आणि अक्कांना ओट्यावरच सांगितलं, आता नारळ-तांदूळ बंद, आता कायद्याने होईल.

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "भाऊ, पोलीस आले की ते बंद करतील. पोलीस गेले की?"

"पुन्हा बोलावीन."

"तुम्ही तुमच्या रीतीने करा, मी नाही म्हणत नाही. पण आज तिथी मोठी आहे. वहिनींना एकदा पाठवा. हे एक लग्न होऊन जाऊ द्या."

"अक्का, माझ्या घरची बाई पुन्हा तिथे जाणार नाही."

"तिला काही वाटलं नाही भाऊ. तुम्हालाच वाटून राहिलं."

हे मला झोंबलं. मी आत निघून गेलो. यशोदा दारामागे उभी होती.

संध्याकाळी अक्का एकट्याच गेल्या. हे मला नंतर कळलं. ताट घेऊन गेल्या, आणि नवरीच्या आईला म्हणाल्या, तुमच्यातल्याच एखाद्या सवाष्णीच्या हाताने ही ओटी भरा. तिथे एक म्हातारी आत्या होती. तिने विचारलं, "और आपके वो?" अक्का खोटं बोलल्या नाहीत, यजमान गेले म्हणून सांगितलं. म्हातारीने ताटाला हात लावू दिला नाही. शुभकार्यात हे घेऊन कशाला आलात, असं सगळ्यांसमोर बोलली. अक्का स्पीकरचं काही न बोलता परत आल्या. ताट ओट्यावर ठेवलं, खिडकीच्या रजया दाबून बघितल्या आणि कूलर लावला.

अकरा वाजता मी फोन केला. साडेअकराला शिपाई आले. डीजे बंद झाला. मी खिडकीत उभं राहून यशोदेला म्हणालो, "ऐकू येतंय? याला म्हणतात रीत." शिपाई गेले आणि वीस मिनिटांनी पुन्हा सुरू झालं. गार्डनच्या मालकाला कळलंच असणार की फोन कोणत्या घरातून झाला. या वेळी त्यांनी दोन्ही मोठे स्पीकर उचलून मागच्या भिंतीशी आणले आणि आमच्या गल्लीकडे तोंड करून ठेवले. मी पुन्हा फोन लावला. पुन्हा लावला. गाडी दुसरीकडे गेलीय म्हणाले. मग मी स्वतः गेलो. फाटकाशी उभा राहून ओरडलो. माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. मी नाचायला आलोय असं समजून कोणीतरी हात धरून मला आत ओढलं.

परत आलो तर अक्कांच्या दारात उजेड होता. माधवी अंथरुणावर बसलेली, दोन्ही हातांनी कान दाबून. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला बघून माधवी म्हणाली, "काका, किती वाजले? फेरे झाले का?" मी म्हणालो, "होतील आता." दीड वाजला होता.

पहाटे चारला पहिला झटका आला. तो थांबेपर्यंत दुसरा. मग तिसरा, मध्ये शुद्धच आली नाही. अक्का पहिल्यांदा ओरडल्या तेव्हा मी चपला न घालताच धावलो. मुलाने आमच्याकडे ठेवलेली गाडी माझ्या दारात उभी होती, किल्ली खिशात. पण गल्लीच्या तोंडापासून पार टोकापर्यंत वऱ्हाडाच्या गाड्या एकामागे एक लावलेल्या. एकाचाही ड्रायव्हर जागेवर नाही. मी, चंबळच्या खोऱ्यातल्या वळणांवरून भरलेली बस काढणारा माणूस, माझ्या स्वतःच्या गल्लीतून गाडी काढू शकलो नाही. शेवटी भाजीवाल्याच्या ठेल्यावर रजई टाकून माधवीला त्यावर निजवलं आणि ढकलत सडकेपर्यंत नेलं. अक्का तिचं डोकं धरून बाजूने पळत होत्या.

तिसऱ्या दिवशी माधवी गेली.

भाचा देवासहून आला, अग्नी दिला आणि नोकरीचं कारण सांगून दुसऱ्या दिवशी परत गेला. यशोदेने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. ताट वाढायची, बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "माझा हात तुम्ही धरून ठेवलात," आणि तेवढंच.

कायदा माझ्या बाजूने होता. आजही आहे. मी चार दिवस स्वतःला हेच सांगत होतो. स्पीकर मी नव्हता फिरवला, गाड्या मी नव्हत्या लावल्या. पाचव्या दिवशी मी अक्कांकडे गेलो. त्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उभाच राहिलो. आयुष्यात हे वाक्य मी बापासमोर बोललो नाही, साहेबासमोर बोललो नाही. म्हणालो, "अक्का, माझं चुकलं."

मला वाटलं, म्हणतील, नाही भाऊ, तिचं आयुष्यच तेवढं होतं. सगळी गल्ली त्यांना येऊन हेच सांगत होती.

"हो," अक्का म्हणाल्या. "चुकलं तुमचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे कोरडे होते. मग म्हणाल्या, "अस्थी सोरोंला न्यायच्या आहेत, गंगेवर. भाचा गेला. गाडी तुम्ही चालवाल का?"

मी गाडी चालवणं कमी केलं होतं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. हे मी बोललो नाही. म्हणालो, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. अक्कांना मागे बसलं की मळमळायचं, म्हणून त्या पुढे, माझ्या शेजारी. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश, त्यावर दोन्ही हात. यशोदा मागे. मोरेना गेलं, चंबळचा पूल गेला. धौलपूरच्या पुढे मी एक ट्रक ओलांडला आणि बाजूला बघितलं, तर अक्कांची मान काचेला टेकलेली. मी वेग कमी केला. मग दिसलं की छाती खालीवर होतेय. त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, ते पडलेले दोन दात दिसत होते, आणि झाकायला हात वर आला नव्हता. शेजारी राहून पस्तीस वर्षं झाली, मी त्या बाईला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मागून यशोदेचा आवाज आला. त्या एका वाक्यानंतरचं माझ्याशी पहिलं बोलणं. "हळू चालवा. झोपल्यात."

मी चाळिसाच्या वर गाडी नेली नाही. मागचे हॉर्न देत होते, हात बाहेर काढून त्यांना पुढे जायला सांगत होतो. मी स्वतः एकदाही हॉर्न दिला नाही. आग्र्याचा बाजार, बैलगाड्या, शाळेची पोरं, मध्ये आलेली म्हैस, कशालाच नाही. जिथे कोणी मध्ये आलं तिथे थांबलो, ते बाजूला होईपर्यंत थांबलो. खड्डा दिसला की पहिल्या गिअरमध्ये उतरवला. सहा तासांची वाट नऊ तासांत केली. पाणी प्यायलाही उतरलो नाही, कारण दार लावलं की आवाज होतो.

घाटाशी पोचलो तेव्हा पंडा वाट बघत होता. इंजिन बंद केलं तर त्या शांततेने जाग येईल असं वाटलं, म्हणून चालूच ठेवलं. पंडा काचेवर बोट वाजवायला आला, मी ओठांवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "मुहूरत निकल जाएगा." मी मान हलवली, निघून जाऊ दे. ऊन कलशावर आलं, मग अक्कांच्या हातांवर आलं. यशोदेने मागून पदर लांब करून त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि तसाच धरून बसली. तिचा हात अवघडला तेव्हा मी मागे हात नेऊन त्या पदराचं दुसरं टोक धरलं.

पाऊण तासाने अक्कांनी डोळे उघडले. आधी कलश चाचपला. मग बाहेर बघितलं, नदी दिसली.

"कधीचे पोचलोय भाऊ?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो.